ब्रूज आणि बुरूज

नाताळच्या आठवड्यात ब्रसेल्समधल्या देशी माणसाला दोन रोग जडतात. पहिला म्हणजे घरची आठवण. दुसरा म्हणजे "चला रे, कुठंतरी जाऊन येऊ". पहिल्यावर औषध नाही. दुसऱ्यावर आहे, रेल्वेचं तिकीट.

क्लायंटचं अर्धं ऑफिस सुट्टीवर, डिसेंबरचा कोड फ्रीझ चालू, म्हणजे प्रॉडक्शनच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही. बाहेर दोन-तीन डिग्री तापमान, सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि पावणेपाचला मावळतं. अशा दिवसांत खोलीत एकट्यानं मॅगी खात बसलं की माणूस फार विचार करायला लागतो, आणि आमच्या धंद्यात ते बरं नाही :-) म्हणून नाताळनंतरच्या शनिवारी आम्ही चौघं ब्रूजला निघालो.

चौघं म्हणजे नागपूरकर, ठाणेकरीण, बेळगावकर आणि मी. आमच्यात एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. कोणी पाडली माहीत नाही, पण परदेशात ते ऐकायला बरं वाटतं. नागपूरकर टेस्टिंगमधे आहे आणि खाण्याच्या बाबतीतही कसून टेस्टिंग करतो. ठाणेकरीण डेटाबेसवाली, पण जीव नाटकात. बेळगावकर मूळचा मेकॅनिकलचा, आमच्यात चुकून आलेला आणि ते रोज बोलून दाखवणारा. आणि मी सातारकर.

इथंच खरी गोम आहे. मी सातारचा नाही. मी रहिमतपूरचा. सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका, कमंडलू नदीच्या काठचं गाव. पुणे-मिरज रेल्वेवर स्टेशन आहे आमचं, स्वतःच्या नावाचं. पण अकरावीला साताऱ्याला गेलो तेव्हा "रहिमतपूर" म्हटलं की पोरं म्हणायची, "म्हणजे खेड्यातला". पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा "सातारा" सांगायला लागलो. बंगलोरला नोकरी लागली, तेव्हा "पुण्याजवळ". आणि ब्रसेल्सला आल्यावर क्लायंटच्या मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मुंबईजवळ". घरापासून जितका लांब गेलो तितकं माझं गाव मुंबईकडं सरकत गेलं. अजून पुढं अमेरिकेत गेलो असतो तर थेट समुद्रातच पडलं असतं.

असो. तर ब्रूज.

ब्रसेल्सहून साधारण तासाभराचा प्रवास. मधे गेंट लागतं. खिडकीतून सपाट, ओली, करड्या रंगाची जमीन दिसत राहते, एक टेकडी म्हणून नाही. सातारी माणसाला अशा सपाटीवर जरा उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. स्टेशन जुन्या गावाच्या बाहेर आहे. तिथून चालत निघालं की पंधरा-वीस मिनिटांत आपण एकदम पाचशे वर्षं मागं जातो. विटांची अरुंद घरं, पायऱ्या-पायऱ्यांचे त्रिकोणी माथे, कालवे, त्यांच्यावर छोटे छोटे दगडी पूल, आणि फरसबंदी रस्त्यावरून खडखडत जाणाऱ्या घोडागाड्या.

"हे असं जसंच्या तसं राहिलं कसं काय?" ठाणेकरणीनं विचारलं. तिच्या डोळ्यासमोर ठाण्यातली पाडलेली जुनी घरं असणार.

बेळगावकर हा माणूस कुठंही जाण्याआधी अभ्यास करून येतो. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. ११३४ साली समुद्राला मोठं तुफान आलं आणि पाणी आत घुसून ज़्विन नावाची एक खाडी तयार झाली. त्या खाडीच्या जोरावर ब्रूज हे उत्तर युरोपातलं मोठं व्यापारी बंदर झालं. इंग्लंडची लोकर, इटलीचे सावकार, सगळे इथं. इथं फान डर बुर्झ नावाच्या कुटुंबाची खानावळ होती, तिच्यासमोर व्यापारी जमून सौदे करायचे. शेअर बाजाराला फ्रेंचमधे जो 'बूर्स' शब्द आहे तो त्या घराण्याच्या नावावरून आला असं मानतात. (हे ऐकून नागपूरकरानं लगेच फोन काढून आपल्या एसआयपीची अवस्था बघितली आणि गप्प झाला.) मग पंधराव्या शतकाच्या शेवटी ती खाडी गाळानं भरत गेली. जहाजं येईनात. व्यापार अँटवर्पला गेला. गाव गरीब झालं, आणि चार शतकं गरीबच राहिलं. १८९२ साली एका लेखकानं तर कादंबरीच्या नावातच ब्रूजला 'मेलेलं' म्हणून टाकलं.

"आणि गरीब होतं म्हणून वाचलं," बेळगावकर म्हणाला. "जुनं पाडून नवं बांधायला पैसेच नव्हते कोणाकडं. आता २००० सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. गाळानं मारलं आणि गाळानंच राखलं."

मला हे आवडलं. गरिबीचा असाही उपयोग असतो हे आमच्या गावाला कळवायला पाहिजे.

मार्क्ट म्हणजे तिथला मुख्य चौक. त्याच्या एका बाजूला बेल्फ्रीचा मनोरा, ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या. नागपूरकरानं आधी खाली हिरव्या टपरीवर फ्राईज खाल्ले, मग वर चढायचं ठरलं. जिना गोल, दगडी, वर जाईल तसा अरुंद होत जाणारा. वरून कोणी उतरत असेल तर भिंतीला पालीसारखं चिकटून उभं राहायचं. दोनशेव्या पायरीपर्यंत आम्ही गप्पा मारत होतो. त्यानंतर फक्त श्वास ऐकू येत होते, आणि अधूनमधून "च्यायला".

वर पोचायच्या आधी एक खोली लागते. तिच्यात पिंपापेक्षा कितीतरी मोठा धातूचा ढोल आहे, अंगभर भोकं पाडलेला. त्या भोकांत खुंट्या बसवलेल्या. ढोल फिरतो, खुंट्या तारा ओढतात, तारांनी हातोडे हलतात आणि वरच्या घंटा वाजतात. एकंदर ४७ घंटा. खुंट्यांच्या जागा बदलल्या की धून बदलते. आम्ही तिघं सॉफ्टवेअरवाले तिथं खिळून उभे राहिलो. हा तर प्रोग्रॅम आहे! अठराव्या शतकातला, पितळ आणि लोखंडातला, आणि अजून चालतोय. माझ्या कोडचं आयुष्य सरासरी दीड वर्ष. त्यानंतर कोणीतरी नवीन येतो आणि म्हणतो, "हे कोणी लिहिलंय?"

वरून सगळं गाव दिसलं. लाल कौलं, धुकं, मधे मधे कालव्याची काळी पट्टी. वारा असा की कानाचं कातडं सोलून निघेल. दहा मिनिटांत खाली उतरलो.

खरी गोष्ट घडली ती त्यानंतर. मार्क्टपासून दोन मिनिटांवर सिमॉन स्टेविनप्लाइन नावाचा एक लहान चौक आहे. तिथं नाताळचा बाजार भरला होता. लाकडी टपऱ्या, पिवळे दिवे, दालचिनीचा वास. मधोमध एक पुतळा. आम्ही गरम चॉकलेटचे कप घेऊन त्याच्या पायथ्याशी उभे होतो. बेळगावकरानं मान वर करून नाव वाचलं आणि ओरडलाच, "आयला, हा आपला स्टेविन!"

"आपला म्हणजे? तुझ्या नात्यातला आहे का?" नागपूरकर.

"मेकॅनिक्सवाल्यांच्या नात्यातला. थांब, दाखवतो."

आणि त्यानं फ्राईजबरोबर आलेल्या टिश्यूवर पेननं एक त्रिकोण काढला. पाया आडवा, एक बाजू लांब आणि निवांत उताराची, दुसरी तिच्या निम्मी आणि जास्त चढाची. मग त्या त्रिकोणाला सारख्या वजनाच्या चौदा मण्यांची माळ घातली. लांब बाजूवर चार मणी, आखूड बाजूवर दोन, उरलेले आठ खाली झोपाळ्यासारखे लोंबणारे.

"आता सांग, माळ कुठल्या बाजूला घसरेल?"

"चार मण्यांच्या," नागपूरकर म्हणाला. "जड आहे ना ती बाजू."

"बरं. घसरली समज. एक मणी खाली गेला, दुसऱ्या बाजूनं एक वर आला. आता चित्र कसं आहे?"

"...तसंच आहे."

"मग ती परत घसरणार. आणि परत. कायमची फिरत राहणार, काही न करता. असं होतं का कधी? नाही होत. म्हणजे माळ मुळात हलतच नाही. खालचे आठ मणी दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, ते काढून टाका. उरलं काय? लांब उतारावरचे चार मणी आखूड उतारावरच्या दोन मण्यांना तोलून धरतात. उतार दुप्पट लांब, तर त्याच उंचीवर तेवढ्याच जोरात दुप्पट वजन तोललं जातं. झाला नियम सिद्ध. एक समीकरण नाही, नुसती माळ. १५८६ साली."

आम्ही तिघंही गप्प झालो. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

मग बेळगावकर सुटलाच. सिमॉन स्टेविन, जन्म १५४८, याच ब्रूजमधे. आधी हिशेबनीस. मग उत्तरेकडं हॉलंडात गेला, तिथं राजपुत्र मॉरिसचा इंजिनिअर झाला. पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या सुधारल्या. १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर छोटंसं पुस्तक लिहिलं, व्यापाऱ्यांना आणि मोजणीदारांना कळेल असं. दशांश अपूर्णांक त्याच्या आधी समरकंदच्या अल-काशीला माहीत होते, पण युरोपात ते रुळवले यानं. "आणि सगळ्यात भारी म्हणजे," बेळगावकर म्हणाला, "त्या काळी शहाणी माणसं लॅटिनमधे लिहायची. यानं यातलं बहुतेक सगळं डचमधे लिहिलं. स्वतःच्या भाषेत. शब्द नव्हते तिथं शब्द बनवले. गणिताला बाकी युरोप ग्रीकवरून आलेला शब्द वापरतो, डच लोक वापरतात 'विस्कुंडे', म्हणजे खात्रीच्या गोष्टींची विद्या. तो यानं रूढ केला. आपली भाषा विज्ञानाला किती चांगली आहे हे पटवायला ह्यानं एका अक्षरसमूहाच्या छोट्या छोट्या शब्दांच्या याद्या करून छापल्या. पक्का इंजिनिअर. वाद घालायलासुद्धा डेटा घेऊन आला."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात अकरावीचा वर्ग उभा राहिला होता.

दहावीपर्यंत माझं सगळं मराठी माध्यमात. विज्ञानाच्या पुस्तकात साधी यंत्रं होती: तरफ, कप्पी, पाचर, उतरण. मला ती पाठ होती, आकृत्यांसकट. अकरावीला साताऱ्याला सायन्सला प्रवेश घेतला आणि एका सप्टेंबर महिन्यात सगळं इंग्रजी झालं. एकदा फिजिक्सच्या तासाला सरांनी मला उभं केलं. 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणजे काय? मला प्रश्नच कळला नाही. शेजारच्यानं हळूच हात तिरका करून दाखवला, तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "उतरण, सर!"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. त्यात वाईट हेतू नव्हता कोणाचाच. पण त्या दिवसानंतर सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी. आणि मला वाटतं, "तू कुठला?" या प्रश्नाला गावाचं नाव न सांगायची सवयही त्याच आठवड्यात लागली.

हे सगळं मी तिथं, त्या पुतळ्याखाली, कप हातात धरून सांगून टाकलं. का ते माहीत नाही. थंडीनं असेल. आणि सांगता सांगता हेही बाहेर पडलं, "आणि मी सातारकर वगैरे काही नाही. मी रहिमतपूरचा आहे."

दोन सेकंद शांतता. मग नागपूरकर म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं आम्ही तुला चुकीच्या नावानं हाक मारतोय? हा तर क्रिटिकल बग आहे बे."

आणि त्यानं फोन काढला. रहिमतपूर टाकलं. पहिल्यांदा निघालं ते ठाणेकरणीच्या कामाचं. "वसंत कानेटकरांचा जन्म तुमच्या गावचा?" ती जवळजवळ ओरडली. "'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे कानेटकर? आणि तू आम्हाला साताऱ्याचे कंदी पेढे दाखवत फिरतोस?"

मग नागपूरकराला १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर सापडलं. इंग्रजांनी केलेलं, गावागावाची नोंद असलेलं. तो वाचता वाचता थांबला. "रहिमतपूरकर," तो म्हणाला (मला ही हाक ऐकून जरा कसंसंच झालं), "तुमच्याकडं हत्ती पाणी काढायचा का?"

रहिमतपुरात एक जुनी मशीद आणि कबर आहे. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची. १६३८ च्या सुमारास कर्नाटकच्या मोहिमेत शहाजीराजे ज्याच्याबरोबर होते, तोच हा रणदुल्लाखान. तिथून थोड्या अंतरावर एक बुरूज आहे. गॅझेटियरात लिहिलंय की तो बुरूज म्हणजे हत्तीकडून पाणी चढवून घ्यायची सोय. उंची पन्नास फुटांच्या आसपास, पश्चिमेला उतार. त्या पाण्यावर मशिदीतलं कारंजं चालायचं.

बुरूज मला माहीत होता. लहानपणी कितीदा तरी त्याच्या आसपास खेळलो असेन. आमच्या लेखी तो नुसता 'बुरूज'. तिथला उतार हा चढून जायचा आणि बोंबलत खाली पळत यायचा. तो तिथं का आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. दुसऱ्याच्या गावातला मनोरा बघायला पैसे मोजून ३६६ पायऱ्या चढलो आणि स्वतःच्या गावातला उतार कशासाठी आहे ते ब्रूजच्या चौकात एका नागपूरकराकडून कळलं. दातखीळ बसली होती ती सगळीच काही थंडीनं नव्हती.

"उतरण!" बेळगावकर आनंदानं म्हणाला. "स्टेविननं माळ काढल्यावर साठ-सत्तर वर्षांच्या आत तुमच्याकडं हत्ती उतरणीवर चालवत होते."

त्या रात्री घरी फोन करायचा होता, पण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, रात्री साडेआठला झोपतात आणि इथं पाच वाजले म्हणजे तिथं साडेनऊ. म्हणून रविवारी सकाळी लावला. आबा चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं. हल्ली कधी कधी माझ्या जागी चुलत्याचं नाव घेतात.

"काल कुठं गेलतास?"

"ब्रूजला, आबा."

"बुरजावर? आरं, गावात आलास आन् घरी न्हाई आलास?"

पाच मिनिटं गेली ते निस्तरण्यात :-) मग मी म्हटलं, आबा, आपल्या बुरजाचाच विषय आहे. हत्ती पाणी कसं काढायचा तिथं?

"मोट. दुसरं काय?" आबा म्हणाले. "मोठ्या खांडाची मोट. आपली बैलाची, त्यांची हत्तीची."

"पण उतार कशाला? सपाटीवर ओढता आली नसती?"

फोनवर क्षणभर काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आबा हसले. असं कितीतरी दिवसांत हसले नव्हते.

"इंजिनेर झालास आन् धाव कशाला आस्ती इचारतुयास? आरं, बैल धावंवरनं खाली उतरतू तवा निस्त्या ताकदीनं वढत न्हाई. आंगचं वजन टाकतू. वर येताना मोट रिकामी, तवा हळूहळू मागं सरकत येतू, दमत न्हाई. आन् खाली जाताना मी नाड्यावर बसायचू. माजं वजन बी त्यात."

मी खुर्चीवर ताठ बसलो. काय सांगितलं होतं त्यांनी? मोट रिकामी असताना बैल स्वतःचं वजन चढावर नेऊन ठेवतो. मोट भरली की तेच वजन उतारावर कामाला लावतो. साठवलेली ऊर्जा, चुकती केलेली ऊर्जा. आणि वर मोटकऱ्याचे पन्नास किलो फुकट. आबा पन्नासच्या दशकात, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, रोज पहाटे हे करत होते. पुढं विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटर आली आणि मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. मी पाहिली ती तिथंच, वाळून कडक झालेली.

माझ्याकडं 'उतरण' हा शब्द होता, पुस्तकातला. 'इन्क्लाइन्ड प्लेन' होता, अकरावीनंतरचा. आणि 'धाव' होता, घरातला. तीन शब्द, तीन वेगवेगळ्या खणांत ठेवलेले. एकच वस्तू आहे हे मला कधी कळलंच नाही. पहिल्या शब्दाबद्दल मला लाज वाटली, दुसऱ्यानं नोकरी मिळवून दिली आणि तिसरा म्हणजे ज्ञान आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. स्टेविनच्या बाबतीत मला जर कशाचं अप्रूप वाटत असेल तर त्या माळेपेक्षा याचं. त्यानं खण एकच ठेवला. गिरणीवाल्याची भाषा आणि गणिताची भाषा वेगळी होऊ दिली नाही.

त्या रविवारी मी आबांना पुढं विचारत गेलो आणि एका एक्सेल शीटमधे लिहीत गेलो. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर. सोंदूर, म्हणजे सोंडेचा बारीक दोर. थारोळं, जिथं पाणी पडतं ते. पाट. कणा. चाक. त्यांना थांबवलं नसतं तर ते दुपारपर्यंत बोलले असते. मधेच माझं नाव विसरले, पण सोंदूर नाही विसरले.

मार्चमधे आठ दिवस सुट्टी मिळाली तेव्हा त्यांना स्कूटरवर मागं बसवून बुरजापाशी घेऊन गेलो. आबा काठी टेकत उताराच्या तळाशी उभे राहिले, डोळ्यावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाले, "हत्तीची धाव लई निवांत ठिवलीया. जनावराचा इचार केल्याला हाय." मग मला वर पाठवलं. तिथून खाली किती पावलं होतात ते मोजायला सांगितलं. मी मोजली. आकडा ऐकून त्यांनी मान हलवली, जणू काही त्यांना पाहिजे तोच होता.

उतारावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. मी त्यांना टिश्यूवरचा तो त्रिकोण दाखवला, मी जपून ठेवलाय तो. चौदा मणी, चार, दोन आणि आठ. सगळं मराठीत सांगितलं, धाव, नाडा, वजन हेच शब्द वापरून. एकही शब्द अडला नाही. आबांनी बराच वेळ बघितलं.

"माळ हलणार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "फुकाट कोन कशाला फिरंल?"

स्टेविनला या वाक्यासाठी पुस्तक लिहावं लागलं होतं.

शीटमधे आता एक्केचाळीस शब्द झालेत. काहींपुढं प्रश्नचिन्ह आहे, कारण आबा एकदा एक सांगतात, एकदा दुसरं. ते भरून काढायला किती वेळ आहे माहीत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी फोन लावतो. तिथं दुपारचं जेवण झालेलं असतं, आबा ओसरीवर असतात.

परवा टीममधे एक नवीन मुलगी आली, गेंटची. चहाच्या मशिनपाशी तिनं विचारलं, भारतात कुठला? तोंडात 'मुंबईजवळ' आलंच होतं. म्हटलं, रहिमतपूर. तिनं ते तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं. मग विचारलं, तिथं काय आहे?

कॉफी गार होईपर्यंत सांगत होतो.